मुंग्या गेल्या तेव्हा

रायपुरात, पंडरीच्या कापडबाजारामागच्या जुन्या गच्च्यांवर अजून एखादा ॲल्युमिनियमचा अँटेना दिसतो. दोन कांड्या गळालेल्या, तोंड शंकरनगरच्या टीव्ही टॉवरकडे.

या मुलखात टीव्ही आधी खेड्यांत आला. ऑगस्ट १९७५पासून वर्षभर चाललेल्या ‘साइट’ प्रयोगात एटीएस-६ उपग्रहाचे कार्यक्रम सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत दिसत. रायपूरकडची गावं त्यांत होती. खुराड्याला लावतात तसल्या जाळीची तीन मीटरची छत्री तिथे उभी राहिली. उपग्रह गेला आणि १९७७मध्ये शहरात जमिनीवरचं प्रक्षेपण आलं. नागपूरच्या नातेवाइकांआधी! तात्यापाऱ्यातल्या मराठी घरांनी ते बरीच वर्षं ऐकवलं असणार.

पंडरी टॉवरच्या इतकी जवळ, की सिग्नल कमी पडायचं कारणच नव्हतं. तरी पडद्यावर मुंग्या यायच्या. स्कूटरच्या स्पार्क प्लगची ठिणगी, ट्यूबलाइटचा खराब चोक, दुकानातली मिक्सरसारखी मोटर: प्रत्येकाचा गोंगाट त्याच अँटेनात शिरायचा. (बसस्थानक तेव्हा शेजारीच होतं, पण बस डिझेलच्या, त्यांना ठिणगी नसते.) भिंतीवरून परतलेली लहर किंचित उशिरा पोचली की बातम्या वाचणाऱ्या बाईशेजारी तिची फिकट जुळी बहीण.

यावर सगळ्यांचं औषध एकच, बूस्टर. तो सिग्नल वाढवतो तसाच आत आलेला गोंगाटही, वर स्वतःचा थोडा मिसळतो. टॉवरजवळ तर तो जादा सिग्नलनेच गुदमरतो. लांबच्या गावात, तेही खांबाच्या टोकाला लावला, तर केबलमध्ये होणारी गळती भरून काढतो. एवढंच त्याचं काम. खरा प्रश्न सिग्नल किती याचा नसून गोंगाटाच्या वर किती याचा होता. गच्चीवरून ‘आलं का?’ विचारणारा नकळत तेच मोजत होता, आणि खालून ‘मुंग्या कमी झाल्या’ म्हणणारा मीटर होता.

२०१६मध्ये दूरदर्शनने १६ शहरांत डिजिटल प्रक्षेपण सुरू केलं. त्यात रायपूर होतं, औरंगाबादही. मुंग्या संपल्या. पण समजा, चित्रासाठी गोंगाटाच्या वर १८ डेसिबल लागतात आणि मिळतात २१. चित्र काचेसारखं स्वच्छ, हाताशी शिल्लक फक्त ३. म्हणजे सिग्नल निम्मा झाला की संपलं. मधे एखादं झाड वाढलं, जोडणीत पाणी शिरलं, तर आधी चौकोन फुटतात आणि लगेच पडदा काळा. सेटवरची ‘स्ट्रेंथ’ची पट्टी तेव्हाही भरलेली असू शकते. तिच्याखालची ‘क्वालिटी’ची पट्टी मात्र कुणी बघत नाही.