सदोष कॉन्फिगरेशन फाईल ओळखण्याची चाचणी : 'गिट' या आवृत्ती नियंत्रण प्रणालीच्या संदर्भात

प्रस्तावना :
आज्ञावलीत वेळोवेळी होणाऱ्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीस आवृत्ती नियंत्रण प्रणाली असे म्हणतात. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये निर्माण केलेली 'गिट' ही अशीच एक बहुप्रचलित प्रणाली होय. वापरकर्त्याचे नाव, दूरस्थ भांडाराचा पत्ता इत्यादी तपशील ती साध्या मजकुराच्या कॉन्फिगरेशन फाईलमध्ये ठेवते. गिटच्या बहुतेक आज्ञा ही फाईल आधी वाचत असल्याने तीतील एका सदोष ओळीमुळेही सारे काम थांबू शकते. असा दोष ओळखण्याची चाचणी कशी घेतली जाते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

दोषांचे प्रकार :
गिटच्या चाचणीसंचात सदोष फाईली मुद्दाम तयार केल्या जातात. एकीत नाव व मूल्य यांमधील बरोबरचे चिन्ह नसते. दुसरीत विभागशीर्षकाचा चौकटी कंस अपुरा असतो. तिसरीत अवतरणचिन्ह बंद केलेले नसते. याखेरीज, रचना शुद्ध परंतु संख्येपुढे अनोळखी एकक, असाही प्रकार तपासला जातो.

चाचणीचे निकष :
आज्ञा अयशस्वी झाली, एवढ्यावरून चाचणी यशस्वी ठरत नाही. कारण प्रणाली अचानक कोसळली तरी आज्ञा अयशस्वीच होते. म्हणून 'टेस्ट मस्ट फेल' हे साहाय्यक साधन निर्गम संकेतांक तपासून नियंत्रित नकार ग्राह्य व कोसळणे अग्राह्य ठरवते. दुसरा निकष ओळक्रमांकाचा. वरील पहिल्या तीन फाईलींची पहिली ओळ टिपणाची असल्याने दोष दुसऱ्या किंवा तिसऱ्या ओळीवर येतो. सरसकट 'ओळ १' सांगणारी प्रणाली येथे अनुत्तीर्ण होईल.

मर्यादा :
एप्रिल २०२३ मध्ये दुरुस्त झालेला एक दोष या संदर्भात उद्बोधक आहे. फाईलमधील विभाग काढताना किंवा त्याचे नाव बदलताना गिट ठरावीक लांबीचे तुकडे वाचत असे. १०२४ वर्णांहून लांब ओळीचा उर्वरित भाग स्वतंत्र ओळ मानला जाई. त्यामुळे उपप्रकल्पाच्या लांबलचक पत्त्यातून परक्या व्यक्तीस आपल्या सूचना फाईलमध्ये घुसवणे शक्य होते. मूळ फाईल रचनेच्या दृष्टीने निर्दोष असल्याने दोष ओळखणाऱ्या चाचण्यांना हे दिसणे शक्य नव्हते. दुरुस्तीसोबत लांब ओळींची चाचणीही समाविष्ट करण्यात आली.

निष्कर्ष :
सदोष फाईल नाकारणे, दोषाचे स्थान अचूक सांगणे आणि शुद्ध परंतु असामान्य फाईल न बिघडवणे, या तिन्ही गोष्टींची चाचणी आवश्यक ठरते. महाविद्यालयीन प्रात्यक्षिकांत विद्यार्थ्यांची आज्ञावली बहुधा योग्य माहितीवरच तपासली जाते. तेथे सदोष व असामान्य माहितीचाही समावेश व्हावा, असे यावरून सुचवता येते.