परक्या बोलींतून स्वतःच्या बोलीकडे : सर्शा रोनन

इंग्रजी वर्तमानपत्राच्या चित्रपटविषयक पानावर हे नाव प्रथमच पाहणारा आपल्यापैकी कोणीही ते 'साओइर्से' असेच वाचील. त्यात वाचणाऱ्याचा दोष नाही. खुद्द इंग्लंड-अमेरिकेतही पुष्कळांची हीच गत झालेली आहे आणि मुलाखत घेणाऱ्याने प्रथम नावाचा उच्चार विचारावा, हा जणू प्रघातच पडून गेला. हा शब्द मुळात इंग्रजी नव्हे. तो आयरिश भाषेतला आहे आणि त्याचा अर्थ आहे 'स्वातंत्र्य'. आयरिश भाषेने लिपी रोमन घेतली असली तरी वाचण्याचे नियम स्वतःचे ठेवले. 'एस' या अक्षराला लागून 'आय' किंवा 'ई' आले की त्याचा उच्चार 'श' होतो. म्हणून या नावातला पहिला 'स' हा 'स'च राहतो आणि दुसऱ्याचा 'श' होतो. आयर्लंडात कोणी 'सीर्शा' म्हणतात, कोणी 'सेर्शा' म्हणतात. ती स्वतः मात्र 'सर्शा' म्हणते, म्हणून आपणही तसेच म्हणू.

एका अभिनेत्रीचा परिचय तिच्या नावाच्या उच्चारापासून करून देण्यामागे कारण आहे. सर्शा रोननच्या साऱ्या कारकिर्दीला उच्चाराचे, बोलीचे आणि बोलण्याच्या लकबीचे एक सूत्र आहे. बाराव्या वर्षी तिने जी भूमिका केली ती दुसऱ्यांची बोली हुबेहूब बोलून मिळवली, आणि विसाव्या वर्षाच्या सुमारास जी भूमिका केली तिच्यासाठी तिला स्वतःच्या बोलीकडे परत यावे लागले. या दोन टोकांमधला प्रवास समजून घेतला म्हणजे अभिनयाविषयीही काही गोष्टी स्पष्ट होतात.

सर्शाचा जन्म १२ एप्रिल १९९४ रोजी न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स भागात झाला. आईवडील दोघेही आयरिश. १९८० च्या दशकात आयर्लंडमध्ये बेकारीने कळस गाठला होता आणि तरुण मंडळी पोटासाठी देश सोडत होती. आयर्लंडला ही गोष्ट नवी नव्हती. १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली आणि जवळजवळ तितकीच देशोधडीला लागली. तेव्हापासून अमेरिकेला गेलेला भाऊ, इंग्लंडमध्ये राबणारा काका ही तिथल्या घराघरांतली कथा आहे. सर्शाचे वडील पॉल रोनन न्यूयॉर्कला गेले, तिथे दारूच्या गुत्त्यावर आणि बांधकामांवर कामे केली आणि पुढे नाटकाकडे वळून नट झाले. १९९७ च्या 'द डेव्हिल्स ओन' या चित्रपटात त्यांनी छोटी भूमिका केली होती. सर्शा तीन वर्षांची असताना हे कुटुंब आयर्लंडला परतले आणि कार्लो परगण्यातल्या एका लहान गावात राहू लागले. पुढे ते डब्लिनजवळच्या हाऊथ या बंदराच्या गावी गेले. म्हणजे मुलीचा जन्म अमेरिकेतला, बालपण आयर्लंडच्या खेड्यातले आणि घरात नटाचा वावर. कान तयार व्हायला यापेक्षा चांगली शाळा कोणती?

तिचे पहिले काम २००३ साली आयरिश दूरदर्शनवरील 'द क्लिनिक' या मालिकेत झाले. तेव्हा ती नऊ वर्षांची होती. हॅरी पॉटरच्या चित्रमालेतील लूना या पात्रासाठीही तिने चाचणी दिली होती, परंतु ती भूमिका दुसऱ्या एका आयरिश मुलीला मिळाली. मग आला 'अटोनमेंट'.

इयन मॅक्यूअन या इंग्रज कादंबरीकाराच्या २००१ मधील कादंबरीवरून जो राइट या दिग्दर्शकाने हा चित्रपट २००७ साली केला. १९३५ सालचे इंग्लंड, उमरावी थाटाचा वाडा आणि त्यात वाढणारी तेरा वर्षांची ब्रायनी. तिला लिहिण्याचा नाद आहे, पण कल्पना आणि सत्य यांतील सीमारेषा तिला अजून कळलेली नाही. खिडकीतून तिला आपली बहीण आणि मोलकरणीचा शिकलेला मुलगा यांच्यातला एक प्रसंग दिसतो, ती त्याचा भलताच अर्थ लावते आणि पुढे त्या निरपराध तरुणावर खोटा आळ घेते. तो तुरुंगात जातो, तिथून युद्धावर जातो, आणि ब्रायनीच्या वाट्याला आयुष्यभराचे प्रायश्चित्त येते.

या भूमिकेसाठी अनेक मुली पाहिल्या गेल्या. त्यात आयर्लंडहून सर्शाची ध्वनिचित्रफीत आली. तिच्यातली मुलगी जुन्या काळच्या इंग्रज खानदानी घरातले वाटावे असे बोलत होती. दिग्दर्शकाची गाठ पडली तेव्हा समोर अस्सल आयरिश खेड्यातल्या बोलीत बोलणारी मुलगी पाहून तो थक्क झाला. चित्रपटात ब्रायनी तीन वयांत दिसते आणि तीन अभिनेत्री ती साकारतात. त्यांतली अखेरची व्हनेसा रेडग्रेव्हसारखी थोर अभिनेत्री आहे. तरीही प्रेक्षकाच्या मनात राहते ती पहिली, ताठ पाठीने कोपऱ्या-कोपऱ्यांतून काटकोनात चालणारी मुलगी. आरोप करताना तिच्या चेहऱ्यावर दुष्टपणा नाही, खात्री आहे. आपल्याला ठाऊक आहे अशी पक्की खात्री असलेले मूल किती भयंकर ठरू शकते हे सर्शाने दाखवले. या भूमिकेसाठी तिला सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्रीच्या ऑस्कर पारितोषिकाचे नामांकन मिळाले. तेव्हा तिचे वय तेरा होते.

बोली उचलणे म्हणजे नक्कल करणे असा आपला एक समज आहे. नक्कल हशा मिळवते, परंतु दोन तास टिकत नाही. एकाच इंग्रजी भाषेचे उदाहरण घेऊ. आयरिश माणूस शब्दाच्या शेवटी येणारा 'र' स्पष्ट उच्चारतो, लंडनचा सुशिक्षित माणूस तो गिळतो. 'टी-एच' या जोडाक्षराचा उच्चार आयर्लंडात पुष्कळ ठिकाणी आपल्या 'त'-'द' च्या जवळ जातो. पण एवढे पाठ करून भागत नाही. वाक्य कुठे चढते, कुठे उतरते, श्वास कुठे घेतात, जबडा किती उघडतात, यांत त्या समाजाची रीतभात असते. खानदानी इंग्रज मुलीची बोली घेतली की मानही तशीच ताठ होते. म्हणजे नट प्रथम कानाने पात्रात शिरतो आणि शरीर मागाहून येते. सर्शाच्या अभिनयाचे मर्म मला इथे दिसते. ती बोलते त्याहून अधिक चांगले ऐकते. समोरचे पात्र बोलत असताना तिच्या चेहऱ्याकडे पाहावे, म्हणजे हे पटेल.

पुढची काही वर्षे ती अशीच दुसऱ्यांच्या बोलींत वावरली. पीटर जॅक्सनच्या 'द लव्हली बोन्स' (२००९) मध्ये ती १९७३ सालची, खून झालेली आणि मरणानंतर आपली कथा सांगणारी अमेरिकन मुलगी झाली. पीटर वेअरच्या 'द वे बॅक' (२०१०) मध्ये ती सैबेरियातून पळालेल्या कैद्यांना वाटेत भेटणारी पोलिश मुलगी होती. 'हॅना' (२०११) मध्ये ती फिनलंडच्या बर्फाळ जंगलात, माणसांपासून दूर वाढलेली मुलगी झाली. या काळातले सारेच चित्रपट चांगले होते असे नाही. 'सिटी ऑफ एम्बर' (२००८) किंवा 'द होस्ट' (२०१३) यांना ना टीकाकारांनी उचलून धरले, ना प्रेक्षकांनी. बालकलाकार वयात येताना विसरले जातात असा सर्वत्र अनुभव आहे, आणि तिच्याही बाबतीत तो धोका होता. 'द ग्रँड बुडापेस्ट हॉटेल' (२०१४) मध्ये दिग्दर्शक वेस अँडरसनने नटांना ज्याच्या त्याच्या बोलीतच बोलू दिले, तेव्हा छोट्या भूमिकेत का होईना, तिचा आयरिश स्वर ऐकू आला. परंतु आयरिश मुलीची मध्यवर्ती भूमिका आयरिश बोलीत करण्याचा योग आला तो 'ब्रुकलिन' (२०१५) मध्ये.

कोल्म टोबीन यांच्या २००९ मधील कादंबरीवर आधारलेला, जॉन क्रावली यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट १९५० च्या दशकात घडतो. वेक्सफर्ड परगण्यातल्या एनिस्कॉर्थी गावी आयलिश नावाच्या तरुणीला पुरेसे काम मिळत नाही. थोरली बहीण आणि एक पाद्री मिळून तिची अमेरिकेत सोय लावतात. ब्रुकलिनच्या एका मोठ्या दुकानात नोकरी, आयरिश बाईच्या खानावळीत मुक्काम आणि रात्री उशीत तोंड खुपसून रडणे. पुढे रात्रीच्या वर्गात ती हिशेबनिशी शिकते, एका इटालियन प्लंबर तरुणावर तिचे प्रेम बसते आणि शहर आपले वाटू लागते. तोच बहिणीच्या मृत्यूची वार्ता येते. गावी परतल्यावर तिला कळते की पूर्वी जे तिला नाकारले होते ते सारे, नोकरी, मान, स्थळ, आता गाव हात पुढे करून देत आहे. दोन घरे असलेल्या माणसाला कोणत्याही एका घरात पुरते राहता येत नाही, हे या चित्रपटाचे दुःख आहे.

त्यात नाताळच्या जेवणाचा एक प्रसंग आहे. पाद्र्याच्या सांगण्यावरून आयलिश निराधार आयरिश म्हाताऱ्यांना वाढायला जाते. याच माणसांनी तरुणपणी त्या शहराचे बोगदे, पूल आणि रस्ते बांधले आणि आता त्यांना कोणी विचारीत नाही. जेवणानंतर त्यांच्यातला एक जण उभा राहून आयरिश भाषेत, वाद्यांच्या साथीवाचून गाणे म्हणतो. पडद्यावर दिसतात फक्त चेहरे. शब्द न कळणाऱ्या प्रेक्षकालाही कळते की या माणसांनी काय गमावले. सर्शा या प्रसंगात जवळजवळ काहीच करीत नाही, फक्त ऐकते. तिच्या अभिनयाचा याहून चांगला नमुना मला दाखवता येणार नाही.

आयर्लंडच्या १९३७ च्या राज्यघटनेने आयरिशला पहिल्या राजभाषेचा मान दिला आहे. प्रत्यक्षात २०२२ च्या जनगणनेत सुमारे अठरा लाख सत्तर हजार लोकांनी ती येत असल्याचे सांगितले, पण शाळेबाहेर रोज बोलणारे निघाले फक्त बहात्तर हजारांच्या आसपास. भाषा मागे पडली तरी तिची छाया बोलण्याच्या ढंगात, गाण्यात आणि मुलांच्या नावांत राहिली. आयलिश हे नावही आयरिश आणि सर्शा हेही. ज्यांच्या मुलीचा जन्म न्यूयॉर्कच्या परदेशवासात झाला, त्यांनी तिचे नाव मात्र घरच्या भाषेतून निवडले, हे ध्यानात घेतले म्हणजे 'ब्रुकलिन'मधली भूमिका तिला इतकी जवळची का, ते सांगावे लागत नाही. या भूमिकेसाठी तिला प्रमुख अभिनेत्री म्हणून ऑस्करचे नामांकन मिळाले.

स्वतःच्या बोलीत एकदा उभे राहिल्यावर ती पुन्हा दुसऱ्यांच्या बोलींकडे गेली, पण आता अधिक मोकळेपणाने. २०१६ साली तिने न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर आर्थर मिलरच्या 'द क्रूसिबल' या नाटकात ॲबिगेलची भूमिका केली. ग्रेटा गर्विगच्या 'लेडी बर्ड' (२०१७) मध्ये ती कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटो शहरातली, आईशी सतत भांडणारी शाळकरी मुलगी झाली. त्या वेळी तिच्या चेहऱ्यावर मुरमे आली होती. ती रंगाखाली झाकायची नाहीत, असे ठरले. या मुलीला आईबापांनी ठेवलेले क्रिस्टीन हे नाव नको असते, म्हणून ती स्वतःचे नाव 'लेडी बर्ड' ठेवते. घर सोडून दूर न्यूयॉर्कला गेल्यावर मात्र नाव विचारणाऱ्याला ती 'क्रिस्टीन' असे सांगते. याच भूमिकेने तिला २०१८ च्या जानेवारीत गोल्डन ग्लोब मिळवून दिला. गर्विगच्याच 'लिटल विमेन' (२०१९) मध्ये ती लेखिका होऊ पाहणारी जो झाली. ही भूमिका आपणच करणार असे तिने दिग्दर्शिकेला आधीच बजावले होते! त्या भूमिकेसाठी तिला चौथे ऑस्कर नामांकन मिळाले, तेव्हा ती पंचवीस वर्षांची होती. चारही वेळा पारितोषिक दुसऱ्यांकडे गेले.

त्यानंतर २०२१ मध्ये तिने लंडनच्या अल्मीडा रंगमंदिरात लेडी मॅकबेथ साकारली. २०२४ च्या 'द आउटरन'ची ती निर्मातीही होती. एमी लिप्ट्रॉट यांच्या आत्मकथनावरील या चित्रपटात ती दारूच्या व्यसनातून सुटण्यासाठी स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कनी बेटांवर, म्हणजे आपल्या घरी, परतलेली तरुणी आहे. मेंढीच्या प्रसूतीच्या दृश्यात तिने स्वतःच्या हातांनी कोकरू बाहेर काढले. घर सोडणे आणि घरी परतणे हा विषय इथेही आहेच.

आपल्या सीमाभागातल्या विद्यार्थ्याला हे सारे अगदीच दूरचे वाटू नये. घरी मराठी, बाजारात कानडी आणि वर्गात इंग्रजी ऐकत वाढलेला आपला मुलगा पुण्यामुंबईस गेला की त्याच्या हेलावर कोणीतरी हसते आणि तो हळूहळू गप्प राहू लागतो, किंवा तो हेल घाईघाईने पुसून टाकतो. सर्शा रोननने डझनभर परक्या बोली शिकल्या. एकही शिकताना तिला स्वतःची बोली टाकावी लागली नाही आणि तिची बोली तिच्या आड कधी आली नाही. उलट ज्या कानाने तिने घरची बोली साठवली, त्याच कानाने बाकीच्या मिळवल्या. तीन भाषांत वाढलेल्याला असा कान जन्मतः लाभतो. त्याची लाज वाटून घेण्याचे कारण नाही. 'ब्रुकलिन' पाहण्याचा योग आला तर नाताळचा तो प्रसंग जरूर पाहावा, आणि तिच्यासारखेच नुसते ऐकावे.