पगार किती, ते विचारता. जागा कशी, ते विचारा!



आपल्या ऊसपट्ट्यातल्या पुष्कळ घरांतले एखादे तरी पोर आज ठाणे, कल्याण नाहीतर डोंबिवलीला नोकरीस आहे. सणाला गावी आले की आपण पहिला प्रश्न करतो, "पगार किती मिळतो?" कामाची जागा कशी आहे, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. आम्हाला वाटते, खरा प्रश्न तोच आहे.

१९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. पुढे ठाण्याच्या वागळे इस्टेटपासून डोंबिवलीपर्यंत औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या. हजारो हातांना काम मिळाले, हे नाकारून चालणार नाही. पण त्याच डोंबिवलीत २६ मे २०१६ रोजी रासायनिक कारखान्यात स्फोट होऊन बाराजण दगावले. २३ मे २०२४ रोजी दुसऱ्या कारखान्यात पुन्हा स्फोट झाला, पुन्हा माणसे गेली. कामावर पोचणे हीही कसरतच! ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ खच्चून भरलेल्या लोकलमधून प्रवासी खाली पडले, काहींचा जीव गेला. जो दाराला लोंबकळत कामावर येतो आणि यंत्राकडे धास्तीने बघतो, त्याला पगारवाढीचे सुख किती दिवस पुरणार?

फ्रेडरिक हर्झबर्ग या अमेरिकन अभ्यासकाने १९५९ साली मांडले की, पगार, कामाची परिस्थिती, वरिष्ठांची देखरेख यांत उणीव असली तर माणूस नाराज होतो. पण ती भरून काढली म्हणजे समाधान आलेच, असे नाही. ते येते कामाची कदर झाल्याने आणि जबाबदारी मिळाल्याने. तिकडे चीनमध्ये "सकाळी नऊ ते रात्री नऊ, आठवड्याचे सहा दिवस" राबवून घेण्याची पद्धत बोकाळली, तेव्हा २०२१ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती बेकायदा ठरविली.

हे आम्ही आपल्याला का सांगतो? कारण आपण नुसते ऊस उत्पादक नाही, कारखान्याचे मालक आहोत. गळीत हंगामात रात्रपाळीला बॉयलरपुढे आणि मिलजवळ उभी असतात, तीही कोणाची तरी पोरेच. वार्षिक सभेत उताऱ्याचा आणि दराचा हिशेब आपण विचारतो, तो विचारलाच पाहिजे. त्याच्या जोडीने एवढेही विचारा: सुरक्षेची साधने पुरेशी आहेत का? रात्रपाळीला गरम जेवण आणि घटकाभर विसावा मिळतो का? कामगाराने धोका दाखविला तर त्याचे ऐकून घेतले जाते का?

डोंबिवलीच्या मालकाने आपल्या पोराला जसे वागवावे असे आपल्याला वाटते, तसेच आपण आपल्या कामगारांना वागवू या.