वारीची वळकटी बांधताना

मलकापूरहून आषाढीला पायी निघणाऱ्याला दोन हवामानं ओलांडावी लागतात. पाठीमागे आंबा घाटाच्या माथ्यावर वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून कितीतरी जास्त पाऊस पडतो. दोनशेहून अधिक किलोमीटर चालून गाठायचं ते पंढरपूर पर्जन्यछायेतलं, जेमतेम ५००-६०० मिलिमीटरचं. सुरुवातीच्या मुक्कामांना ओल पिच्छा सोडत नाही, शेवटच्या मुक्कामांना उकाडा झोपू देत नाही. एकाच वळकटीत दोन्ही निभावायचं असतं.

बहुतेक जण आधी जाड पांघरूण शोधतात. माझ्या मते आधी अंथरूण बघावं. ऊब कापडात नसते, धाग्यांमध्ये अडकलेल्या हवेत असते. आपण आडवे झालो की अंगाखालची वाकळ दबते, तिच्यातली हवा निघून जाते आणि देवळाची फरशी रात्रभर अंगातली उष्णता ओढत राहते. वाकळ भिजली तर हाल विचारू नका, कारण स्थिर हवेच्या मानाने पाणी वीसपटीहून अधिक उष्णता वाहून नेतं. योगासनांसाठी मिळते तशी फोमची चटई इथे कामाला येते. तिच्यातले हवेचे बंद कप्पे अंगाच्या वजनाने फारसे दबत नाहीत, आणि ती पाणीही पीत नाही.

पहाटेचा गारवा जास्त का झोंबतो? रात्री शरीराचं आतलं तापमान अर्धा ते एक अंशाने उतरतं आणि पहाटेच्या सुमारास सर्वांत खाली असतं. बाहेरची हवाही तेव्हाच सर्वांत थंड. त्यातच स्वप्नांची झोप रात्रीच्या उत्तरार्धात जास्त असते, आणि त्या झोपेत कुडकुडून ऊब निर्माण करणं शरीराला जमत नाही. म्हणून एक हलकं पांघरूण उशाशी हवंच. पायांसाठी कोरडे मोजेही वेगळे ठेवा. हातापायांची त्वचा उबदार असली की झोप लवकर लागते, हे स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या संशोधकांनी १९९९ मध्ये ‘नेचर’मध्ये मांडलं होतं.

सामान दिंडीच्या ट्रकमधून जाणार असेल तर घोंगडी जरूर न्या. लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे तीस टक्के ओलावा शोषते, तरी अंगाला ओली लागत नाही. शोषताना थोडी उष्णताही देते. वळकटी स्वतःच्या पाठीवर असेल तर मात्र घोंगडी जड होते आणि चिंब भिजली तर लवकर वाळत नाही. अशा वेळी पातळ, झटकन वाळणारी चादर बरी. प्लॅस्टिकचा कागद अंगावर ओढू नका. झोपेत त्वचेतून आणि श्वासातून साधारण पाव लिटर पाणी बाहेर पडतं; ते कागदाला आतून धरतं आणि पाऊस नसतानाही माणूस भिजतो. कागदाची जागा चटईखाली.

वजन कमी करायला मच्छरदाणी मात्र काढून ठेवू नका. पावसाळ्यात मण्यार रात्रीची फिरते आणि जमिनीवर झोपलेल्यांना चावते. दंश इतका सौम्य असतो की कित्येकांना जागही येत नाही. आग्नेय नेपाळमधल्या अभ्यासात मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंशाचा धोका बराच कमी आढळला. मच्छरदाणीची कड चारी बाजूंनी चटईखाली नीट खोचा. पहाटे कुणाच्या पोटात दुखू लागलं, पापण्या जड झाल्या, बोलणं अडखळलं, तर अंगावर खूण दिसत नाही म्हणून थांबू नका. सर्पविषावरचं प्रतिविष असलेल्या रुग्णालयात त्याला ताबडतोब न्या.