मोह दाराशी येतो तेव्हा

महाशिवरात्रीचे भस्म भाळी लावून शिवालयातून घरी परतणाऱ्या आमच्या भाविक वाचकांपैकी फार थोड्यांच्या ध्यानी आले असेल, की याच सुमारास वसईत, गोव्यात आणि जगभरच्या ख्रिस्तमंदिरांतून माणसे अशीच कपाळी राख घेऊन बाहेर पडत असतात. दोन्ही दिवस चंद्राच्या गणनेने ठरत असल्यामुळे बहुतेक वर्षी ते आठवड्याभराच्या आत येतात; २०२२ साली तर महाशिवरात्र १ मार्चला आणि ख्रिस्ती बांधवांचा ‘राखेचा बुधवार’ लगोलग २ मार्चला आला होता. आदल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी हाती धरलेल्या झावळ्या वाळल्या म्हणजे त्या जाळून ही राख करावयाची, आणि ती लावताना धर्मगुरूंनी बहुधा एवढीच आठवण द्यावयाची, की हा देह मातीचा आहे आणि मातीसच मिळावयाचा आहे. त्या दिवसापासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत, मधले रविवार वगळता, चाळीस दिवसांचा उपासकाळ चालतो.

उपासाचे बाह्य नियम आता फार कडक उरलेले नाहीत. कॅथलिक पंथात राखेच्या बुधवारी व गुड फ्रायडेला एकच पूर्ण भोजन घ्यावयाचे आणि उपासकाळातील शुक्रवारी मांस वर्ज्य करावयाचे, एवढेच. साबुदाण्याची खिचडी, राजगिऱ्याचे लाडू आणि रताळ्याचा कीस यांनी ताट भरून ज्या घरांनी ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण सार्थ केली, त्या आपल्या घरांनी यावर टीकाटिप्पणी न केलेली बरी. पण हे चाळीस दिवस मुळात अन्नाविषयी नाहीतच. ते आहेत मोहाविषयी. मोह म्हणजे काय, तो माणसाच्या दाराशी कसा येतो, आणि त्यास परतवावे कसे, याचा जो सूक्ष्म विचार ख्रिस्ती सत्पुरुषांनी केला, तो आज वाचकांपुढे ठेवावा असे आमच्या मनात आहे.

या व्रतामागची मूळ कथा मत्तय आणि लूक यांच्या शुभवर्तमानांत आली आहे. यार्देन नदीवर बाप्तिस्मा झाल्यावर येशू अरण्यात जातो व चाळीस दिवस निराहार राहतो. तो भुकेने व्याकूळ झाला असता सैतान जवळ येतो. पण त्याचा वेष पाहावा! तो राक्षसाच्या रूपाने येत नाही, हितचिंतकाच्या रूपाने येतो. देवाचा पुत्र असशील तर या धोंड्यांच्या भाकरी कर, असे सुचवतो. मंदिराच्या शिखरावर नेऊन म्हणतो, येथून उडी घे, देवदूत तुला वरच्या वर झेलतील. शेवटी जगातील सारी राज्ये दाखवतो आणि एका नमस्काराच्या मोबदल्यात ती देऊ करतो. येथे शास्त्राभ्यासी वाचकांनी एक मौज पाहावी. मंदिराच्या शिखरावर सैतानाने जो आधार दिला, तो पवित्र शास्त्रातील स्तोत्राचाच होता! वचन अगदी खरे, आणि हेतू मात्र खोटा. येशूने तिन्ही वेळा शास्त्रवचनानेच उत्तर दिले, आणि तेही आधीच्या दोन्ही प्रसंगी जेवढ्यास तेवढे. तो वाद घालत बसला नाही. लूक कथेच्या शेवटी आणखी एक बारीक गोष्ट नोंदवतो: सैतान निघून गेला खरा, पण पुढील संधी येईपर्यंत.

ही झाली देवपुत्राची कथा. आमच्यासारख्या संसारी माणसाचे काय? हा प्रश्न ख्रिस्ती परंपरेनेही लपविलेला नाही. ज्याने हा धर्म दूरदूरच्या नगरांत नेला तो संत पौल रोमच्या मंडळीस लिहिलेल्या पत्रात कळवळून सांगतो, की जे बरे असे मी जाणतो ते माझ्या हातून होत नाही, आणि जे मला नको तेच मी करून बसतो. मनुष्य इच्छा नसताही जणू कोणी बळाने ढकलल्याप्रमाणे पाप का करतो, हे अर्जुनाने भगवंतास विचारले ते याच वेदनेतून.

या वेदनेवर पुढे चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात फार मोठे काम झाले. हजारो स्त्रीपुरुष नगरे सोडून तेथे तपाला बसले होते. त्यांतील वडीलधाऱ्यांस ‘अब्बा’ म्हणत, म्हणजे आपल्या भाषेत ‘बाबा’च. या तपस्व्यांत एव्हाग्रियस नावाचा एक विद्वान होता. काळ्या समुद्राकाठच्या पोन्तस प्रांतात इ. स. ३४५ च्या सुमारास जन्मलेल्या या पुरुषाने कॉन्स्टँटिनोपल या राजधानीत वादविवादात नाव मिळवले, आणि तेथेच एका कुलीन विवाहितेच्या मोहात त्याचे मन गुंतले. त्याने राजधानीच सोडली. जेरुसलेममार्गे तो वाळवंटात आला आणि ३९९ साली देह ठेवीपर्यंत तेथेच राहिला. मनाशी झुंजता झुंजता त्याने मोहाच्या विचारांची आठ कुळे लावली: खादाडपणा, कामवासना, धनलोभ, खिन्नता, क्रोध, कंटाळा, कीर्तीची हाव आणि गर्व. आपल्या षड्रिपूंशी ही यादी ताडून पाहणाऱ्यास तीत मत्सर आढळणार नाही. ती उणीव पुढे सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरी यांनी भरून काढली, आणि त्यांच्याच मांडणीतून पुढे ‘सात प्रमुख पापे’ रूढ झाली.

परंतु याद्या काय, कोणीही करील. एव्हाग्रियसाचे मोठेपण एका भेदात आहे. हे विचार मनात यावेत की न यावेत, हे आपल्या हाती नाही, असे तो स्पष्ट सांगतो. आलेल्या विचाराने मनात मुक्काम करावा की नाही, एवढे मात्र आपल्या हाती आहे. वाचकहो, या भेदाचे मोल किती आहे ते पाहा. देवापुढे हात जोडून बसले असता मनात एखादा ओंगळ विचार येतो, आजाऱ्याची शुश्रूषा करता करता त्याच्या मालमत्तेचा हिशेब डोक्यात सुरू होतो, आणि पापभीरू माणूस हाय खातो की आपण मुळातूनच नासलो. अशा कित्येकांनी ‘आपण त्या योग्यतेचे नव्हे’ म्हणून उपासनाच सोडून दिल्याचे आम्ही पाहिले आहे. त्यांना हा वाळवंटातला तपस्वी सांगतो, की दाराशी येणारा प्रत्येक जण काही घरचा नसतो.

अब्बा पोएमेन यांची गोष्ट याच अर्थाची आहे. एक शिष्य त्यांच्याकडे रडत आला, की वाईट विचार मला सोडत नाहीत. अब्बांनी त्यास झोपडीबाहेर मोकळ्यावर नेले आणि छाती पुढे करून वारा अडवून धरावयास सांगितले. ते कसे जमावे? अब्बा म्हणाले, वारा अडवणे जसे तुला जमत नाही तसे विचारांचे येणेही अडवता यायचे नाही. त्यांना विरोध करणे तेवढे तुझे काम.

मग पाप नेमके कोठे घडते? आफ्रिकेतील हिप्पो येथील बिशप संत ऑगस्टीन (मृत्यू इ. स. ४३०) यांनी तीन पायऱ्या सांगितल्या: आधी सूचना, मग तिची गोडी, आणि शेवटी संमती. पाप पूर्ण होते ते संमतीने. कॅथलिक धर्मशास्त्रात आजही गंभीर पाप ठरण्यास विषय गंभीर असणे, तो तसा आहे याचे पूर्ण ज्ञान असणे आणि स्वेच्छेने संमती देणे, या तिन्ही गोष्टी लागतात.

या पायऱ्या माणूस कसा उतरतो याचे ऑगस्टीनांनी आपल्या आत्मनिवेदनात केलेले वर्णन विसरता येण्याजोगे नाही. त्यांचा जिवलग मित्र आलिपियुस कायद्याच्या अभ्यासासाठी रोमला गेला होता. मल्लांनी शस्त्रे घेऊन एकमेकांचे जीव घ्यावेत आणि लोकांनी टाळ्या पिटाव्यात, असे खेळ तेथे चालत. आलिपियुसाला त्यांची शिसारी होती. एके दिवशी जेवून परतणाऱ्या सोबत्यांनी त्यास ओढतच क्रीडागारात नेले. तो म्हणाला, माझे शरीर तुम्ही न्याल, डोळे आणि मन कसे न्याल? आणि खरोखरच तो डोळे घट्ट मिटून बसला. खाली कोणी एक मल्ल पडला, सहस्रावधी कंठांतून एकच आरोळी उठली, आणि काय झाले असावे या कुतूहलाने, पाहून तुच्छच मानू या भरवशावर, त्याने डोळे उघडले. मग ते मिटलेच नाहीत. तो ओरडू लागला, बेभान झाला, आणि पुढे स्वतःच इतरांना घेऊन तेथे जाऊ लागला. ऑगस्टीन हळहळून लिहितात, की डोळ्यांबरोबर त्याने कानही बंद केले असते तर! हाच आलिपियुस पुढे बिशप झाला, म्हणून ही कथा वाचताना धीर येतो. आज क्रीडागारात ओढून नेण्यास सोबती लागत नाहीत. हातातला मोबाईल एकच हलकी घंटा वाजवतो, आणि ‘नुसते पाहू तरी’ म्हणून उघडलेले डोळे मध्यरात्रीपर्यंत मिटत नाहीत. ‘पापाचे निकटचे प्रसंग’ टाळावेत असा जो उपदेश कॅथलिक घरांत लहानपणापासून केला जातो, त्याचे मर्म या एका आरोळीत आहे. आपल्या बळाची परीक्षा पाहण्यासाठी मोहाजवळ जाऊ नये, तेथून सरळ उठून जावे, असे ही मंडळी सांगतात. अशा पळण्यास ते भ्याडपणा म्हणत नाहीत.

आठ कुळांतील दोहोंविषयी थोडे अधिक सांगितल्यावाचून आम्हांस राहवत नाही. एक कंटाळा. एव्हाग्रियस त्याला माध्यान्हीचे भूत म्हणतो. दुपारी सूर्य जागचा हलेनासा वाटतो, तपस्वी पुन:पुन्हा खिडकीकडे पाहतो, कोणी भेटीस येते का म्हणून डोकावतो, आणि मग ही जागाच वाईट, हे कामच निरर्थक, माझी येथे कोणास पर्वा नाही, असे त्यास वाटू लागते. कचेरीत तीन वाजता घड्याळाकडे पाहणाऱ्यास किंवा रोजच्या रांधण्या-उष्ट्यांनी विटलेल्या गृहिणीस हे भूत परिचयाचे असेल. यात चोरी नाही, व्यभिचार नाही. पण हाती घेतलेले कर्तव्य सोडून द्यावे असे वाटणे, यातून पुढची कितीतरी दारे उघडतात. दुसरी कीर्तीची हाव. बाकीचे मोह जिंकले की त्या विजयाच्याच पाठीवर बसून ही येते. उपवास निभावला की ‘आपण कसा निभावला’ हे चारचौघांत सांगावेसे वाटते. एव्हाग्रियसाच्या वर्णनातील तपस्वी तर एकांतात बसल्या बसल्या पाहतो, की आपल्या स्पर्शाने रोगी बरे होत आहेत आणि दाराशी लोकांची रीघ लागली आहे. हार-नारळ स्वीकारण्यातच ज्यांचे आयुष्य गेले त्या आम्हां कीर्तनकारांस हे चित्र अधिक समजावून सांगावयास नको.

आणि या हावेचे सख्खे भावंड म्हणजे दुसऱ्याच्या पापाचा न्यायनिवाडा. पूर्वायुष्यात दरोडेखोर असलेले अब्बा मोशे यांना एका चुकलेल्या तपस्व्याच्या न्यायसभेस बोलावणे गेले. ते येईनात. आग्रह झाला तेव्हा गळके भांडे पाण्याने भरून खांद्यावर घेऊन आले. हे काय, म्हणून विचारता म्हणाले, माझी पापे माझ्यामागे अशीच सांडत चालली आहेत, ती मला दिसत नाहीत, आणि मी दुसऱ्याचा न्याय करावयास निघालो आहे. सभेने त्या तपस्व्यास क्षमा केली.

हे सारे वाळवंटातले झाले. प्रपंचात राहून काय करावयाचे, तर ख्रिस्ती पंथांनी पहिला उपाय सांगितला तो पाप बोलून टाकण्याचा. मोह अंधारात पोसतो, उजेडात आणला की निम्मा मरतो, हा त्यामागील अनुभव. कॅथलिकांत धर्मगुरूपुढे पापनिवेदन होते. वर्षातून निदान एकदा ते करावे असा नियम १२१५ सालच्या लॅटरन धर्मसभेने घातला, आणि ऐकलेले बाहेर फोडणाऱ्या धर्मगुरूस बहिष्काराचे शासन आहे. प्रॉटेस्टंट पंथांत धर्मगुरूची मध्यस्थी आवश्यक मानीत नाहीत. तरी १७३८ साली इंग्लंडात जॉन वेस्ली यांनी भाविकांची लहान लहान मंडळे बांधली, तेव्हा दर आठवड्याला प्रत्येकाने सर्वांपुढे सांगावयाचे ठरले: गेल्या भेटीनंतर कोणती पापे घडली, कोणते मोह आले, आणि त्यांतून सुटका कशी झाली. मोह आले का, असा प्रश्नच नाही. कोणते आले, एवढेच विचारावयाचे!

दुसरा उपाय इग्नेशियस लोयोला यांचा. हे मूळचे शिपाईगडी. १५२१ साली पाम्प्लोना येथे तोफगोळ्याने पाय मोडला आणि शय्येवर पडल्या पडल्या त्यांचे आयुष्य पालटले. त्यांनी स्थापिलेल्या येशूसंघाचे फ्रान्सिस झेवियर १५४२ साली गोव्यास आले, आणि याच संघाचे फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली तेथे उतरून अशी मराठी शिकले, की त्यांचे ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली राशोल येथे छापले गेले. १५६० पासून गोव्यात बसलेल्या इन्क्विझिशनने काय केले हे आम्ही विसरलेलो नाही, कोणी विसरावे असेही म्हणत नाही. पण विद्या आणि साधना जेथे दिसेल तेथे ती पाहावी, एवढे शास्त्राध्ययनाने आम्हांस शिकवले आहे.

इग्नेशियस सांगतात, की शत्रू किल्ल्याभोवती फिरून तटाची सर्वांत कच्ची बाजू हेरतो आणि तेथूनच चढतो. गडकोटांच्या या देशात हे निराळे समजावून सांगणे नको. म्हणून सर्व दोषांवर एकदम तुटून न पडता एकच दोष निवडावा. कोणाचा राग, कोणाची चहाडी, कोणाचे मापात मारणे. सकाळी उठताच त्याचे स्मरण करून सावध व्हावे. दुपारच्या जेवणानंतर, आणि पुन्हा रात्रीच्या जेवणानंतर, मागील प्रत्येक तास आठवून जितक्या वेळा घसरलो तितके ठिपके कागदावरील रेघेवर द्यावेत. दिवसाला दोन रेघा, आठवड्याच्या चौदा. त्यांच्या पुस्तकातील आकृतीत रविवारचे अक्षर मोठे, सोमवारचे त्याहून लहान, असे ते उतरत जाते. सकाळचे ठिपके रात्रीच्या ठिपक्यांशी, आजचे कालच्यांशी, हा आठवडा मागच्या आठवड्याशी ताडावयाचा.

आणि दिवसभरात चूक घडेल त्या क्षणीच काय करावे, हेही त्यांनी सांगून ठेवले आहे. छातीवर हात ठेवावा आणि मनात पश्चात्ताप करावा. हे चारचौघांतही करता येते. बाजारात तराजू धरलेल्या किंवा पंगतीत शेजाऱ्याशी बोलत असलेल्या माणसाचा हात क्षणभर छातीशी जातो आणि खाली येतो. जवळच्या कोणाला त्याचा पत्ताही लागत नाही.