ग्रुप अ‍ॅडमिन आहात? मग हा निकाल माहीत हवा

आमच्या इंजिनिअरिंग बॅचच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचा मी अ‍ॅडमिन आहे. ते मी मागून घेतलेलं नाही. आधीचा एकटा अ‍ॅडमिन ग्रुप सोडून गेला, तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपने उरलेल्यांपैकी मला आपोआप अ‍ॅडमिन केलं. तेव्हापासून डोक्यात किडा होता: उद्या कुणी इथे घाणेरडं काही टाकलं तर केस माझ्यावर होणार का?

उत्तर मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १ मार्च २०२१ ला दिलंय. प्रकरण गोंदिया जिल्ह्यातलं, २०१६ चं. एका मेंबरने ग्रुपमधल्या महिलेबद्दल अश्लील भाषा वापरली. अ‍ॅडमिनने त्याला काढलं नाही, माफीही मागायला लावली नाही. म्हणून पोलिसांनी अ‍ॅडमिनलाही आरोपी केलं.

न्यायालयाने कायद्याचे शब्द तपासले. आयटी कायद्याचं कलम ६७ अश्लील मजकूर ‘प्रसिद्ध’ किंवा ‘प्रसारित’ करणाऱ्याला, किंवा तसं करायला लावणाऱ्याला लागतं. पहिल्याच वेळी तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. अ‍ॅडमिनने यातलं काहीच केलं नव्हतं. चिथावणी, कट किंवा मुद्दाम मदत असेल तर गोष्ट वेगळी. नाहीतर दुसऱ्याचा गुन्हा अ‍ॅडमिनच्या माथी मारायला कायद्यात तशी तरतूद लागते, आणि ती नाहीये. अ‍ॅडमिनवरचा गुन्हा रद्द झाला. पुढे २०२२ मध्ये केरळ उच्च न्यायालयानेही असंच म्हटलं.

मला जास्त पटला तो दुसरा मुद्दा: पोस्ट पडण्याआधी अ‍ॅडमिन ती अडवू शकत नाही. तांत्रिकदृष्ट्या अगदी बरोबर. मेसेज पाठवणाऱ्याच्या फोनमध्येच एन्क्रिप्ट होतो आणि सर्व्हरमार्गे सगळ्यांकडे जातो. तो पास करणारा म्हणून अ‍ॅडमिन मध्ये कुठेच नसतो.

पण एक गोष्ट बदललीये. २०२२ मध्ये अ‍ॅडमिनला कुणाचाही मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करायचं बटण मिळालं. निकालाच्या वेळी ते नव्हतं. डिलीट होतं पोस्ट पडल्यावरच, त्यामुळे निकालाचा गाभा टिकतो असं मला वाटतं. तरी तक्रार आल्यावर ‘माझ्या हातात काय आहे?’ हे म्हणणं आता अवघड जाईल. आणि तोच मेसेज तुम्ही स्वतः फॉरवर्ड केलात, तर प्रसारित करणारे तुम्हीच. तिथे हा निकाल कामाला येणार नाही.

ग्रुप फारच तापला तर सेटिंगमध्ये ‘फक्त अ‍ॅडमिन मेसेज पाठवू शकतात’ हे चालू करता येतं. मी मात्र अजून दोघांना अ‍ॅडमिन करून टाकलंय. रात्री अडीचचे मेसेज माझ्याच्याने बघणं होत नाही.