मूळ कुठलं बे तुझं?

सोलापुरात कॉलेज सुरू झालं की पहिल्या आठवड्यात हा प्रश्न ठरलेला. आडनाव ऐकलं की लगेच, 'मूळ कुठलं बे तुझं?' कुणाच्या घरी तेलुगू, कुणाच्या कन्नड, कुणाच्या उर्दू. कट्ट्यावर सगळे एकत्र. पण भांडण झालं की 'तुम्ही बाहेरचे' हे वाक्य येतंच. मागावर बसायला तेलंगणातून आलेल्या ज्या घरांनी सोलापुरी चादर देशभर पोचवली, त्यांनाही हे ऐकावं लागतं.

मूळ कळलं की माणूस कुणाच्या बाजूचा हे कळतं का? आपल्यावर राज्य करणाऱ्या इंग्रजांचंच बघू. पाचव्या शतकापासून जर्मनी-डेन्मार्ककडून अँगल, सॅक्सन, ज्यूट टोळ्या ब्रिटनमध्ये उतरल्या. तिथे आधीचे लोक होतेच. पुढे व्हायकिंग आले, १०६६ मध्ये फ्रान्समधून नॉर्मन आले. या सगळ्या मिसळीतून 'इंग्रज' तयार झाले!

बरं, त्यांची निष्ठा तरी एक होती? १७७६ मध्ये अमेरिकेतल्या १३ वसाहतींनी स्वातंत्र्य जाहीर केलं, तेव्हा तिथले इंग्रज आपसातच फुटले. राजाच्या बाजूचे हजारो जण पुढे कॅनडात गेले. भारतातही असे इंग्रज होते. 'बॉम्बे क्रॉनिकल'चे संपादक बी. जी. हॉर्निमन आपल्याच सरकारवर तुटून पडले. १९१९ मध्ये सरकारने त्यांना देशाबाहेर काढलं. मुंबईतलं हॉर्निमन सर्कल त्यांच्याच नावाचं. बेन ब्रॅडली मुंबईच्या गिरणी कामगारांसोबत उभे राहिले आणि १९२९ मध्ये मीरत खटल्यात अडकले.

आता आपल्या शहरात या. मे १९३० मध्ये सोलापुरात मार्शल लॉ लागला. त्यानंतर १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चौघांना फाशी झाली. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकृष्ण सारडा. नुसती आडनावं वाचा. चार घरं, चार वळणं, पण बाजू एकच.

चौघांचे पुतळे शहरात एकत्र उभे आहेत. येता-जाता आपल्याला दिसतात. तेव्हा मूळ जरूर विचारा, गप्पा रंगतात. फक्त उत्तर ऐकून समोरच्याला आपला की परका, हे ठरवू नका. तो कुणासाठी उभा राहतो, ते आधी बघा.